पुण्याच्या वस्त्या : बसनें, पायीं आणि सायकलवरून

पुणें पाहावयास आलेला पाहुणा बहुधा एका दिवसांत शनिवारवाडा, पर्वती, केळकर संग्रहालय आणि आगाखान राजवाडा पाहतो, तुळशीबागेंत थोडी खरेदी करतो आणि संध्याकाळच्या गाडीनें परत जातो. त्यानें पाहिलें तें पुणेंच. परंतु ज्या बोळांतून पुणेकराच्या घरीं पहाटे दूध येतें, ज्या जिन्यावर तो शेजाऱ्याशीं तासभर उभ्यानें बोलतो आणि ज्या खिडकीशीं बसून तो वर्तमानपत्र वाचतो, तें पुणें पाहुण्याच्या यादींत नसतें. राहत्या वस्त्या पाहण्यास तिकीट लागत नाहीं; सवड मात्र लागते. शिवाय केव्हां बसनें जावें, केव्हां सायकल घ्यावी आणि केव्हां पायउतार व्हावें याचा थोडा विवेकहि लागतो. एकाच रस्त्यानें तिन्ही रीतींनीं जाणाऱ्याला तीन निरनिराळीं शहरें भेटतात, असा अनुभव पुष्कळांचा आहे.

ज्याला या शहराचा पसारा मुळींच ठाऊक नाहीं त्यानें प्रथम बस धरावी. पुण्याची म्युनिसिपल बस-सेवा १९५० सालीं, महानगरपालिका स्थापन झाली त्याच वर्षीं, सुरू झाली. २००७ सालीं पिंपरी-चिंचवडची सेवा तींत मिळून आजची पी. एम. पी. एम. एल. झाली. एवढें लांब नांव उच्चारण्याचे कष्ट मात्र फारसे कोणी घेत नाहीं. वयस्क पुणेकर अद्याप 'पी. एम. टी.'नेंच जातो. १९९७ मध्यें कांहीं गांवें, २०१७ मध्यें आणखी ११ आणि २०२१ मध्यें २३ गांवें शहराच्या हद्दींत आलीं. एवढा विस्तार पायांनीं मोजूं म्हणणें हा अविचार होय.

बसचा खरा उपयोग थांब्यांचीं नांवें ऐकण्यासाठीं आहे. डेक्कन जिमखान्यावरून कर्वे रस्त्यानें वारज्याकडे जाणाऱ्या गाडींत खिडकीची जागा मिळाली तर एक लहानसा इतिहासच कंडक्टरच्या तोंडून ऐकावयास मिळतो. गरवारे महाविद्यालय, नळ स्टॉप, पौड फाटा, दशभुजा गणपति, कर्वे पुतळा. यांतील नळ स्टॉप हें नांव एके काळीं तेथें असलेल्या साध्या पाण्याच्या नळावरून पडलें. नळ गेला, त्या चौकाच्या डोक्यावरून २०२२ पासून मेट्रो धांवूं लागली, तरी नांव नळाचेंच राहिलें. पौड फाटा म्हणजे पौडला जाणारी वाट जेथें फुटत होती ती जागा. आज तेथें फाटा ओळखूं येऊं नये एवढी गर्दी आहे. आणि ज्यांचें नांव या रस्त्यास दिलें ते धोंडो केशव कर्वे या वाटेनें पायीं जात असत. १९०० सालीं त्यांनीं हिंगण्याच्या उजाड माळावर झोपडी उभारून विधवांचा आश्रम तेथें नेला, आणि फर्गसन महाविद्यालयांतील शिकविणें आटोपल्यावर ते चिखल तुडवीत, काळोखांतून त्या आश्रमाकडे जात. त्या माळाला आज कर्वेनगर म्हणतात. बसमधील ज्या उतारूस गर्दीनें जीव नकोसा होतो त्यानें क्षणभर ही वाट आठवून पाहावी.

परंतु बस ही रुंद रस्त्याची चाकर आहे, आणि रुंद रस्ता वस्तीविषयीं फारसें खरें बोलत नाहीं. तो दुकानें दाखवितो, घरें झांकतो. जुन्या शहरांत तर शिवाजी रस्त्यानें बस स्वारगेटकडे जाते व बाजीराव रस्त्यानें परत येते. या दोन वाटांच्या मध्यें आणि दोहों अंगांस जें कांहीं आहे तें बसमधून दिसणें शक्य नाहीं. पूर्वेकडे हडपसरास गेलें तर मगरपट्ट्याची नवी वसाहत लागते. तेथील सुमारें १२० शेतकरी कुटुंबांनीं आपली सुमारें ४०० एकर जमीन परक्याला न विकतां एकत्र केली आणि स्वतःच भागीदार होऊन तिजवर नगर वसविलें. शेतकऱ्यानें जमीन विकून पैसा उधळल्याच्या कहाण्या प्रत्येक शहराच्या सीमेवर ऐकूं येतात, म्हणून या उद्योगाचें कौतुक वाटतें. तथापि शहराच्या कडेस एकंदर नवीं गृहसंकुलें उठलीं आहेत त्यांची एक रीत पायीं फिरणाऱ्यास खटकते. फाटकाशीं पहारेकरी उभा असतो आणि तो विचारतो, "कोणाकडे जायचंय ?" नुसतें फिरावयाचें आहे, हें उत्तर त्याच्या वहींत लिहितां येत नाहीं. पेठेंतहि हाच प्रश्न विचारतात. परंतु तेथें विचारणारी म्हातारी उत्तर ऐकून वाट दाखविते आणि त्या घरचीं माणसें सध्यां गांवाला गेलीं आहेत हेंहि सांगते.

पेठा पाहावयाच्या त्या पायींच. कसबा ही त्यांतील सर्वांत जुनी, मुठेच्या कांठची. बाकीच्या तिच्याभोंवतीं पुढें वसल्या. वारांच्या नांवांखालीं कित्येकींचीं पूर्वींचीं नांवें झांकून गेलीं आहेत. गुरुवार पेठ ही मूळची वेताळ पेठ, रविवार पेठ ही मलकापूर, शनिवार पेठ ही मुर्तजाबाद. सदाशिव पेठेस सदाशिवरावभाऊंचें, नारायण पेठेस नारायणराव पेशव्यांचें आणि नाना पेठेस नाना फडणिसांचें नांव आहे. पेठेचें नांव पोस्टाच्या कामाचें. माणसाला वाट दाखविण्याचें काम येथें देव करतात. आणि देवहि कसे ? जिलब्या मारुति, भिकारदास मारुति, डुल्या मारुति, सोन्या मारुति, पासोड्या विठोबा, उपाशी विठोबा, निवडुंग्या विठोबा, गुपचुप गणपति, खुन्या मुरलीधर. जवळ पासोड्यांचा बाजार भरे म्हणून देव पासोड्या झाला, देवळाच्या दारीं रक्त सांडलें म्हणून मुरलीधर खुन्या झाला. देवाला टोपणनांव ठेवण्याचें धाडस करणाऱ्या या वस्तीनें माणसांचीं काय गत केली असेल याची कल्पना श्रोत्यांनींच करावी.

कसब्याच्या तांबट आळींत शिरतांना डोळ्यांपेक्षां कान अधिक कामीं येतात. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे ठोके देऊन भांड्याला मठार काढण्याचा हा धंदा पेशवाईपासून तेथें चालत आला आहे. पूर्वीं ज्या आळीभर तो नाद भरून राही तेथें आज मोजक्याच घरांतून तो येतो. तरी बोळाच्या तोंडाशीं तो ऐकूं आला कीं आळीची पाटी वाचण्याची गरज उरत नाहीं.

पेठेंतील खरी वस्ती वाड्यांत होती. रस्त्यावर दगडी जोतें, त्यावर विटांची भिंत, मोठ्या दरवाज्यांत लहानशी दिंडी. आंत शिरल्यावर चौक, भोंवतीं ओसरी, सोपा, माजघर, मागच्या चौकांत आड आणि तुळशीवृंदावन. एका कुटुंबासाठीं बांधलेल्या या वास्तूंत पुढें धन्याची स्थिति खालावली तशीं भाडेकरूंचीं बिऱ्हाडें आलीं. दोन खोल्यांत सहा माणसें, नळ सर्वांचा एक, संडास चौकाच्या टोकास. पण लग्नकार्यांत चौक सर्वांचा आणि दुखण्याबाणण्यांत स्वयंपाकघरहि सर्वांचें. या सहवासाचीं गोड वर्णनें पुष्कळ होतात. नळावरचीं भांडणें, भिंतीपलीकडून ऐकूं जाणारें प्रत्येक वाक्य आणि सुनेला रडावयासहि न मिळणारा एकांत यांचें वर्णन त्या मानानें कमी होतें, हें येथें सांगितलें पाहिजे.

वाडा पडूं लागला त्याचें कारण नुसतें वय नव्हे. १९४७ च्या मुंबई भाडे-नियंत्रण कायद्यानें भाडीं गोठलीं. युद्धानंतरच्या टंचाईंत घरमालकाच्या लोभापासून भाडेकरूला वांचविणें अवश्य होतें, यांत शंका नाहीं. परंतु तें संरक्षण पिढ्यान्‌पिढ्या चाललें, आणि २००० सालीं नवा कायदा अमलांत आला तेव्हांहि जुन्या भाडेकरूची बिदागी नांवापुरतीच राहिली. जें भाडें दोन दिवसांच्या भाजीलाहि पुरत नाहीं त्यांतून मालक कौलें कशीं फिरविणार ? आणि जो भाडेकरू जागा सोडील त्याचा हक्क जाईल, मग तो कां हलणार ? दोघेहि आपापल्या परीनें बरोबर, आणि मध्यें वासा कुजत राहतो. पावसाळा जवळ आला कीं महानगरपालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते. टेकू दिलेल्या भिंतीवर ती नोटीस आणि तिच्याच खालीं वाळत घातलेले धुतलेले कपडे, हें दृश्य पायीं हिंडणाऱ्यास कसबा, शुक्रवार, नारायण, कोठेंहि दिसूं शकतें. आंत राहणाऱ्यांना नोटीस वाचतां येत नाहीं असें नव्हे. जावयाचें कोठें, याचें उत्तर त्या कागदावर लिहिलेलें नसतें.

जेथें वाडा पाडून चार मजली इमारत झाली तेथेंहि दाराची जुनी कमान कोणी कोणी राखली आहे, आणि वाडा गेला तरी नांवांत तो उरला आहे. पत्ता विचारणारास बँकेच्या वरचा मजला दाखवून "हाच तो वाडा" असें निर्विकारपणें सांगतात.

पेठांतून हिंडतांना पाण्याकडे लक्ष ठेवावें. नानासाहेब पेशव्यांच्या काळीं, १७५० च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून तेथून दगडी नळानें शहरांत पाणी आणलें गेलें. वाटेंत हवा खेळण्यासाठीं उच्छ्वास ठेवले होते आणि शेवटीं जागोजाग हौद बांधले होते. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद हीं नांवें आज चौकांचीं व वळणांचीं नांवें म्हणून लोकांच्या तोंडीं आहेत. पाण्याशीं त्यांचा संबंध बहुतेकांच्या लक्षांतहि नाहीं. तो एकदां मात्र सर्वांच्या लक्षांत आला. १९६१ सालीं जुलै महिन्याच्या १२ तारखेस पानशेतचें नवें धरण फुटलें, त्या लोंढ्यानें खालचें खडकवासल्याचें जुनें धरणहि फोडलें, आणि भर दुपारीं मुठा नदी पेठांत शिरली. नारायण, शनिवार, कसबा, पलीकडे डेक्कन जिमखाना, सारा नदीकांठ बुडाला. मातीच्या भिंतींचे वाडे विरघळल्यासारखे बसले. पाणी ओसरल्यावर पिण्याला पाणी नाहीं, अशी विचित्र अवस्था झाली, कारण शहराला पाणी देणारें धरणच गेलें होतें; तेव्हां वाड्यांतील दुर्लक्षित आड पुन्हां उपसून वापरण्यांत आले. नदीकांठच्या पेठांत कांहीं भिंतींवर त्या दिवशींच्या पाण्याची खूण अद्याप आहे. ती उंच माणसाच्याहि डोक्यावर आहे. ती वाचण्यास मान वर करावी लागते, आणि म्हणूनच घाईनें जाणारास ती दिसत नाहीं.

त्या पुरानें पुण्याच्या वस्त्यांचा नकाशा पालटला. घर गेलेल्यांसाठीं गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. पेठेंत पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या उंबऱ्यावर राहिलेलीं माणसें एकाएकीं माळावर, एकसारख्या घरांत, नव्या शेजाऱ्यांजवळ येऊन पडलीं. सहकारनगर हें नांवच सहकारी गृहरचना संस्थांची आठवण देणारें आहे. अशा वसाहती पाहण्यास सायकल उत्तम. त्या एवढ्या लांब कीं पायांना थकवा यावा, आणि त्यांतील गल्ल्या एवढ्या शांत कीं बसला तेथें काम नसावें.

पुणें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून देशभर ओळखलें जाई. महाविद्यालयाच्या आवारांत सायकलींच्या रांगा, नाट्यगृहाशीं पितळी बिल्ला देणारा स्टँडवाला, तासाच्या भाड्यानें सायकल देणारें कोपऱ्यावरचें दुकान, रात्रीं दिवा नाहीं म्हणून अडविणारा पोलीस, आणि 'डबल सीट' दिसतांच ऐनवेळीं उडी टाकून निर्दोष चेहऱ्यानें चालूं लागणारा मित्र. मुलींना घराबाहेर एकटीनें, कोणाच्या सोबतीची वाट न पाहतां, जाण्याची मुभा जिनें दिली तींत या दुचाकीचा वांटा थोडा नाहीं. पुढें आकुर्डीच्या कारखान्यांतून स्कूटर बाहेर पडूं लागली आणि दोन-तीन दशकांत चित्र बदललें. २००६ सालीं कात्रज-स्वारगेट-हडपसर या रस्त्यावर बसला निराळी पट्टी व कडेनें सायकलला निराळी वाट काढून पाहिली. त्या वाटेवर कोठें दुकानाचा फळा आला, कोठें उभी मोटार. २०१७ अखेर भाड्याच्या सायकली टेलिफोनवरून उघडतां येऊं लागल्या, चार दिवस कौतुक झालें, आणि त्याहि दिसेनाशा झाल्या. एवढें होऊनहि पहाटे दूध, वर्तमानपत्र आणि धुण्याभांड्याला येणाऱ्या बायका यांपैकीं पुष्कळांची ने-आण सायकलच करते. शहराच्या योजना करणारांनीं पहाटे साडेपांचला एकदां रस्त्यावर उभें राहून पाहावें.

सायकलस्वारानें डेक्कन जिमखान्यापासून आरंभ करावा. १८९७ च्या प्लेगांत पुणेकर पेठा सोडून रानांत झोपड्या घालून राहिला आणि मोकळ्या हवेची गोडी व गरज त्याला प्रथम कळली. १९०६ मध्यें डेक्कन जिमखाना ही संस्था निघाली, आणि तिच्या भोंवतीं पुढील काळांत बंगल्यांची वसाहत झाली. वाड्याची भिंत रस्त्यास पाठ देते. बंगल्याची बाग रस्त्याकडे तोंड करून असते. एका पिढीच्या आयुष्यांत राहणीचा हा केवढा पालट ! भांडारकर रस्ता, प्रभात रस्ता या दोहोंच्या मधल्या गल्ल्या सायकलनें एका सकाळींत होतात. प्रभात फिल्म कंपनी १९३३ सालीं पुण्यास आली, तिच्यावरून रस्त्यास नांव मिळालें. त्याच्या गल्ल्यांना मात्र नांवें देण्याच्या भानगडींत न पडतां नुसते क्रमांक दिले आहेत. देवांना टोपणनांवें ठेवणाऱ्या गांवांत हें आश्चर्यच. येथेंहि आतां बंगले पाडून मजले चढले आहेत. पारिजातक कोठें कोठें फाटकाशीं राहिला आहे. त्याचीं फुलें पडतात तीं उभ्या मोटारींच्या टपांवर.

सायकल आणखी एक गोष्ट शिकविते, ती म्हणजे जमिनीचा उतार. बसच्या इंजिनाला तो कळतो, उतारूला कळत नाहीं. सायकलस्वाराच्या गुडघ्यांना मात्र कळतें कीं विधि महाविद्यालयाचा रस्ता टेकडीच्या पायथ्याशीं आहे आणि तेथून नदीपर्यंत सारी जमीन खालीं धांवते. टेकडीशीं सायकल ठेवून वेताळ टेकडीवर चढावें. शहरांतील त्या सर्वांत उंच जागेवरून वस्त्यांची मांडणी एका दृष्टींत येते. या टेकडींतून रस्ता काढण्याच्या योजनेविरुद्ध २०२३ सालीं नागरिक मोठ्या संख्येनें रस्त्यावर आले. त्यांतील पुष्कळांची तक्रार झाडांपेक्षांहि पाण्याबद्दल होती. टेकडीवर जो पाऊस मुरतो तो मुरला नाहीं तर खालीं कोणाच्या दारांत जाईल, असा त्यांचा सवाल होता.

या सवालाचें उत्तर ज्याला पाहिजे असेल त्यानें स्वारगेटहून सहकारनगराची बस धरावी, वर शेवटीं उतरावें आणि आंबिल ओढ्याच्या बाजूनें चालत खालीं यावें. हा ओढा कात्रजच्या डोंगरांतून येतो. पेशव्यांनीं यालाच अडवून कात्रजचा तलाव केला, पर्वतीच्या पायथ्याशीं यावरच दुसरें तळें केलें, आणि शहरांतून वाहणारें याचें पात्र पश्चिमेकडे वळविलें. पर्वतीचें तळें आटून तेथें सारसबाग झाली. आंतल्या गणपतीला लोक अद्याप तळ्यांतला गणपति म्हणतात. ओढ्याला मात्र आपली जुनी सवय सोडवली नाहीं. २०१९ सालीं सप्टेंबरच्या २५ तारखेस रात्रीं कांहीं तासांच्या पावसानें तो फुगला, अरण्येश्वराजवळच्या टांगेवाले कॉलनींत भिंत कोसळून माणसें दगावलीं, सहकारनगराच्या सोसायट्यांतून मोटारी वाहून गेल्या, आणि शहराच्या निरनिराळ्या भागांत मिळून वीसांहून अधिक लोक त्या एका रात्रींत गेले. १९६१ च्या पुरांतून उठलेल्यांसाठीं जी वसाहत केली तिच्याच अंगणांत अठ्ठावन वर्षांनीं पुन्हां पाणी आलें. ओढ्याच्या कांठीं ज्यांनीं झोपड्या घातल्या त्यांना दोष देणें सोपें आहे. पात्र अरुंद करून त्यावर भिंती व रस्ते बांधणारांची वस्ती कांठापासून दूर, उंचावर असते, म्हणून त्यांच्याकडे बोट वळत नाहीं. २०२१ च्या जूनमध्यें दांडेकर पुलाजवळच्या झोपड्या पाडण्यांत आल्या तेव्हां भर पावसाळ्यांत माणसें रस्त्यावर आलीं आणि प्रकरण न्यायालयांत गेलें.

दांडेकर पुलावरून दिवसभर बसगाड्या जातात. आंतल्या उतारूला खालीं ओढा आहे हें वासावरून समजलें तर समजतें. पायीं येणाऱ्यास कठड्याशीं थांबतां येतें. खालीं काळसर पाण्याची बोटभर धार, दोहों बाजूंस सिमेंटची भिंत, भिंतीला लागून पत्र्याचीं घरें, एका दारांत शाळेचे धुतलेले बूट उन्हांत ठेवलेले. त्या रात्रीं पाणी कोठवर आलें होतें असें तेथें कोणालाहि विचारावें. तो उत्तर शब्दांनीं देत नाहीं. भिंतीशीं जातो आणि हात वर करून दाखवितो.